मेंढरमोरीची माती

हौसराव कोळपे यांच्या हातून माल पास करून घ्यायचा म्हटलं, की भल्याभल्या ठेकेदारांच्या तोंडचं पाणी पळायचं. दौंडच्या रेल्वे स्टोअरच्या फाटकातून ट्रक आत आला, की हौसराव चष्मा कपाळावर चढवायचे, खिशातून बोटभर दांड्याची हातोडी काढायचे आणि मालाला टकटक करत फिरायचे. पुलाचा दगड असो, सिमेंटचा स्लीपर असो, कान लावून ऐकायचे. आवाज बसका आला की तो नग बाजूला. एकदा एका कारखान्यानं रुळाखाली बसवायच्या रबरी पट्ट्या पाठवल्या. हौसरावांनी एक पट्टी दुमडली, अंगठ्यानं दाबली, तिचा वास घेतला आणि सगळा ट्रक आल्या पावली परत पाठवला. सोबतच्या माणसानं प्रयोगशाळेचा दाखला पुढं केला, तेव्हा हे शांतपणे म्हणाले की दाखला काही रुळाखाली घालता येत नाही.

अशा माणसाला कुणी चांगलं म्हणत नाही आणि वाईट म्हणायची कुणाची छातीही होत नाही. पस्तीस वर्षांपूर्वी ते याच स्टोअरमध्ये खलाशी, म्हणजे मजूर, म्हणून लागले. खांद्यावरून पहारी वाहिल्या, मग रात्रशाळेत बसून परीक्षा दिल्या, कारकून झाले, आणि शेवटी स्टोअरचे मुख्य. मधल्या काळात दौंड-केडगाव पट्ट्यात रेल्वेचं जे जे नवं उभं राहिलं, त्यातला निम्मा माल त्यांच्या हातोडीखालून गेला होता. सेवापुस्तकात एक लाल रेघ नाही. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. निवृत्तीला चार महिने राहिले होते. भामाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, आतापासूनच निरोपाच्या दिवशी कोणतं लुगडं नेसायचं ते ठरवून बसल्या होत्या.

याच सुमाराला जुन्या मोऱ्यांचं काम निघालं. ही लाईन इंग्रजांनी टाकलेली. तिच्याखालून ओढ्यानाल्यांचं पाणी जायला त्यांनी दगडी कमानींच्या मोऱ्या बांधल्या होत्या. आता गाड्या जड झाल्या, वेग वाढले, आणि त्यातल्या तेरा मोऱ्या बदलायचं वरून ठरलं. कुठं काय घालायचं, पाईप की सिमेंटची चौकट, याचा प्रस्ताव करून माल मागवण्याचं काम हौसरावांकडं आलं. जागेवर जाऊन पाहणी करणं नव्या इंजिनिअर पोरीचं काम होतं. ती हर्षदा, शिरूरची, नोकरीला लागून सहा महिने झालेली, कागदाला आणि उन्हाला दोन्हीला न घाबरणारी. तिनं तेरा ठिकाणांची यादी घेतली आणि मोटारट्रॉली मागितली.

तेव्हा हौसराव तिला म्हणाले होते, "कशाला उन्हात हिंडतीस? ही लाईन माझ्या तळहातावर हाय."

आणि एका दुपारी, चहाच्या दोन कपांत, त्यांनी तेरा मोऱ्यांचे तेरा तक्ते भरून टाकले. मोरीचा क्रमांक, कमानीची रुंदी, पाण्याचा लोट किती, सगळं जुन्या कागदांवरून. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं: पाण्याखेरीज अन्य वापर. तिथं त्यांनी तेरा वेळा एकच शब्द लिहिला, निरंक. सरकारी भाषेत तो शब्द फार सोयीचा आहे. माहीत नाही असं लिहावं लागत नाही आणि काम पुढं सरकतं.

पाईप आले. तीन फुटी, जाड, ठणठणीत आवाजाचे. मोरी क्रमांक दोनशे एक्कावन्न बटे दोन, केडगावच्या पुढं, तिथं पाईप उतरवताना एक तडकला. तडकलेल्या मालाचा पंचनामा हौसराव दुसऱ्याच्या डोळ्यांनी करत नसत, म्हणून ते स्वतः गेले. रेल्वेच्या जीपनं, लाईनच्या कडेच्या नव्या रस्त्यानं. त्या बाजूनं ते कधी आले नव्हते.

पाईप पाहिला, नोंद केली. ऊन मी म्हणत होतं, म्हणून जरा सावलीला ते कमानीखाली शिरले. आत गारवा होता. त्यांनी टेकायला हात भिंतीला लावला आणि हात तसाच राहिला.

गुडघ्याच्या जरा वर, दोन्ही बाजूंना, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दगड काळा आणि तुळतुळीत झाला होता. वरचा दगड खरबरीत, खालचा खरबरीत, मधला हातभर पट्टा मात्र तेल लावल्यासारखा. पाण्यानं असं होत नाही. पिढ्यान् पिढ्या मेंढरांच्या लोकरी घासून होतं. हे त्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं. सात वर्षांचे असताना याच पट्ट्याला पाठ लावून ते बसायचे आणि वडील, रखमाजी, पलीकडच्या तोंडाशी उभे राहून कळप पुढं घ्यायचे. ही मेंढरमोरी होती. त्यांच्या स्वतःच्या वस्तीची. दिवाळीनंतर शिरूरकडच्या माळावर जाताना आणि पावसाच्या आधी परत येताना कोळप्यांचे कळप इथूनच लाईन ओलांडायचे.

घरी तिचं नाव मेंढरमोरी, कचेरीत दोनशे एक्कावन्न बटे दोन. पस्तीस वर्षं हौसराव या दोन्ही नावांबरोबर राहिले आणि ती दोन्ही एकाच दगडाची आहेत हे त्यांच्या डोक्यात एकदाही जुळलं नाही. गाव मैलाच्या दगडांनी वाट ओळखत नाही, आणि रेल्वे दुसरं काही ओळखत नाही. हौसराव सकाळी एका दुनियेतून निघून दुसऱ्या दुनियेत कामाला जात होते, एवढंच.

जीपमध्ये बसल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, साहेब, बरं वाटत नाही का. ऊन लागलं, असं त्यांनी सांगितलं.

तीन फुटी पाईपात मेंढरू शिरत नाही. अंधाऱ्या नळीत ते तोंड घालत नाही, आणि घातलंच तर त्याच्यामागं माणसाला जाता येत नाही. म्हणजे उद्या कळप रुळांवरून जाणार. गाड्या आता तासाला शंभराच्या वर पळतात. हौसरावांनी पुढचा विचार करायचा टाळला, पण तो त्यांच्याशिवायच पूर्ण होत राहिला.

वस्तीवर आता बहुतेकांनी मेंढरं विकून ऊस लावला होता. पोरं रांजणगावला कंपनीच्या बसनं पाळीवर जातात. दीडदोनशे मेंढरं राखून होता तो एकटा दगडोबा, हौसरावांचा थोरला चुलतभाऊ. त्याला लोक हसायचे. तो म्हणायचा की ऊस काय, जागेवर उभा राहतो, त्याच्याशी बोलायचं काय. त्या आठवड्यात दगडोबा शिरूरच्या माळावरून दोन दिवसांसाठी घरी आला होता. हौसरावांकडं चहाला आला, ओट्यावर बसला, आणि बशीत फुंकर घालता घालता बोलला.

"मोरीपाशी पायपं पडल्यात. कशाची रं, हौशा?"

हौसराव म्हणाले, काम निघालंय, बघतो.

"तू हाय तितं, मग झालं," दगडोबा म्हणाला. "मी लोकास्नी तेच सांगितलं."

एवढं बोलून तो दुसऱ्या विषयावर गेला. यंदा माळावर चारा बरा आहे, घोडी व्याली. हौसराव हूं हूं करत राहिले. त्या रात्री जेवण अर्धं ठेवून उठले, तेव्हा भामाबाईंनी विचारलं नाही, कारण पस्तीस वर्षांत त्यांनीही टकटक करून आवाज ऐकायला शिकून घेतलं होतं. त्यांनी फक्त ताट झाकून ठेवलं.

काय करायचं होतं ते उघड होतं. पण ते उघड असणं आणि करणं यांच्यामध्ये चार महिने होते आणि एक कोरं सेवापुस्तक होतं. गप्प बसलं असतं तर कुणाला कळलं नसतं. काम झालं असतं, हार घातले गेले असते, लोक दोन शब्द बोलले असते. लाज वाटत होती ती याचीच, की हा विचार आपण नीट, बाजू मांडून, बरावाईट पाहून करतो आहोत.

दोन दिवसांनी त्यांनी हर्षदाला स्टोअरच्या मागच्या खोलीत नेलं. तिथं कपाटात इंग्रज साहेबाच्या अमदानीतली पुलांची रजिस्टरं होती, जाड पुठ्ठ्याची, वाळवीनं कडा खाल्लेली. त्यांनी स्वतः ती कधी उघडली नव्हती. तिरप्या, वेलबुट्टीच्या इंग्रजी अक्षराचा त्यांना कंटाळा यायचा. हर्षदानं नाकाला ओढणी बांधली आणि पानं उलटली. तास गेला. मग दोनशे एक्कावन्न किलोमीटरचं, जुन्या मैलांच्या हिशेबातलं पान सापडलं, तिनं बोट ठेवलं आणि थांबत थांबत मराठीत सांगत गेली. कमान पाण्याला लागते त्यापेक्षा रुंद ठेवली आहे. धनगरांची जुनी वाट इथून जाते. ही मोरी बुजवू नये, अरुंद करू नये.

हौसराव खुर्चीवर बसले. साहेबानं काही मायेपोटी लिहिलं नसेल. मेंढरं रुळावर आली की गाडी खोळंबते, एवढंच त्याच्या डोक्यात असेल. पण तो सातासमुद्रापलीकडून आला, त्याला इथली भाषा येत नव्हती, तरी तो त्या जागी गेला, उभा राहिला, कुणाला तरी विचारलं आणि लिहून ठेवलं. आणि ज्याची ती वाट, त्यानं खुर्चीत बसून लिहिलं, निरंक. त्यांना आपल्या हाताची चीड आली.

हर्षदा हळूच म्हणाली की चूक तिची आहे, पाहणी तिनं करायची होती.

"तुला कुणी थांबवलं?" हौसराव म्हणाले. "मी. मग चूक कुणाची?"

दुसऱ्या दिवशी ते पानाची नक्कल घेऊन मोठ्या साहेबांकडं गेले. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकलं, दार लोटून घेतलं आणि हौसरावांना खुर्ची दिली. म्हणाला, चौकट घालू, ते काही अवघड नाही. पण मागवलेले पाईप वाया गेले असं दिसेल, कुणाला तरी जबाबदार धरावं लागेल. पाहणी नियमानं त्या मुलीची होती. ती नवीन आहे, तिला समज देऊन सुटेल, तिच्यापुढं अख्खी नोकरी आहे भरून काढायला. तुमच्यापुढं चार महिनेसुद्धा नाहीत. मी तुमच्या भल्याचं बोलतोय.

खरं सांगायचं तर त्या क्षणी हौसरावांना ते पटलंही होतं. पटलं म्हणूनच ते घाईनं बोलले.

"साहेब, तेरा तक्त्यांवर सही माझी आहे. एक मोरी मला पावली, बाकीच्या बारांचं काय? तिथंही निरंकच लिहिलंय मी. पोरीला ट्रॉली द्या, आधी सगळ्या बघून येऊ द्या. आणि हे माझं लेखी."

कागद त्यांनी घरून लिहून आणला होता.

हौसरावांना कधी कुणी वेगानं चालताना पाहिलं नव्हतं, ते पुढचे तीन महिने पाहिलं. हर्षदानं बाराही मोऱ्या पालथ्या घातल्या. पाटसच्या अलीकडं एका मोरीतून शाळेची पोरं येजा करत होती, तिथंही पाईपाऐवजी चौकट धरली. उरलेल्या पाईपांना जागा शोधायची जबाबदारी हौसरावांनी अंगावर घेतली आणि स्टेशनबाहेरच्या तुंबणाऱ्या नाल्याला, यार्डातल्या गटाराला, असं करत एक तडकलेला सोडला तर सगळे खपवले. चौकटीचे साचे दुसऱ्या कामावर पडून होते, ते तिथल्या माणसाच्या हातापाया पडून आणवले. आयुष्यात त्यांनी कुणाकडं इतकी अजिजी केली नव्हती. पण त्यांना चीड येत नव्हती, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

चौकटीची रुंदी पुस्तकात होती. उंचीसाठी मात्र ते टेप घेऊन थेट शिरूरच्या माळावर गेले. दगडोबाला म्हणाले, घोडीवर बिऱ्हाड लादा. दगडोबानं विचारलं, आत्ता, दुपारच्याला? हौसराव म्हणाले, व्हय, आत्ता. मग घोडीवर भांडी आली, मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी आली, वरती कोंबड्यांची डालगी आली, आणि रेल्वेच्या स्टोअरच्या मुख्यानं टाचा उंचावून डालगीच्या टोकापर्यंत टेप लावला. दगडोबाची बायको, भागुबाई, तोंडाला पदर लावून हसत होती. दगडोबा हसला नाही. त्याला वाटलं, निवृत्ती जवळ आली की माणसाचं असं होत असेल.

मेमधल्या एका रविवारी सहा तास गाड्या थांबवून जुनी कमान काढली. क्रेन यायच्या आधी सकाळी सहाला हौसराव तिथं होते. त्यांनी दोन मजुरांना आत नेलं आणि कमानीखालची जमीन खरवडायला लावली. माती कसली, वर्षानुवर्षांच्या लेंड्या, मूत, लोकर आणि धूळ यांचा बसलेला थर. तीन पोती भरली. तोंडं शिवली. हर्षदानं विचारलं, सर, हे कशाला. ते म्हणाले, लागतं.

रखमाजी तळ हलवायचे तेव्हा जुन्या मेंढवाड्यातली पाटीभर माती डोक्यावर घेऊन निघायचे आणि नव्या जागी आधी ती पसरायचे. मेंढराला नवी जागा डोळ्यांनी पटत नाही, नाकानं पटते, असं ते सांगायचे. हौसरावांना लहानपणी त्या पाटीची लाज वाटायची. शाळेच्या वाटेवर कुणी पाहिलं तर ते वडिलांपासून दहा पावलं मागं राहायचे. आणि आता तीच माती त्यांनी सरकारी पोत्यांत भरली.

मेच्या एकतीस तारखेला निरोप झाला. सेवापुस्तकात लाल शाईनं ताकीद आली होती, निष्काळजीपणाबद्दल. समारंभ साधाच झाला. साहेब चार शब्द चांगले बोलले, पण कोऱ्या पुस्तकाचा उल्लेख आता करता येत नव्हता, तो त्यांनी टाळला. भामाबाई ठरलेलंच लुगडं नेसून आल्या होत्या आणि पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. हार घालून घेण्याआधी हौसराव दहा मिनिटं स्टोअरमध्ये गेले. शेवटची एक पावती फाडायची होती. माल: माती, पोती तीन. किंमत: नाही. वापर, या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं: मेंढरांना वाट ओळखू यावी म्हणून.

जूनच्या चार तारखेला कळप आला. सकाळचे आठ वाजले होते. हौसराव दोन तास आधीच जाऊन बसले होते, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात, कारण आता खाकी घालायचा हक्क उरला नव्हता. समोर नवी चौकट, करकरीत, सिमेंटच्या वासाची. पुढची मेंढी तिच्या तोंडाशी आली, मान वर केली आणि थांबली. मागची थांबली. सगळा कळप थांबला, दाटला, आणि कडेची दोनचार मेंढरं लाईनच्या भरावाकडं वळली. भागुबाई काठी घेऊन आडवी धावली. वरून एक मालगाडी धडधडत गेली.

हौसरावांनी सोबत आणलेल्या एका पोत्याची शिवण उसवली. पोतं पोटाशी धरून, पाठमोरे चालत, त्यांनी माती या तोंडापासून त्या तोंडापर्यंत ओतली. दुसरं पोतं. तिसरं. शर्ट काळा झाला. दमून ते परत या तोंडाशी येऊन बाजूला झाले. पुढच्या मेंढीनं नाक खाली घातलं. हुंगलं. एक पाऊल टाकलं, परत हुंगलं, आणि मग मागं वळून न पाहता ती सरळ आत शिरली. तिच्यामागं सगळी. दीडदोनशे जिवांच्या खुरांचा आवाज चौकटीत भरला. शेवटी लादलेली घोडी आली. डालगीच्या वर चांगली दोन वीत जागा उरली होती.

सगळ्यांत मागं दगडोबा होता. हौसराव त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. इतके दिवस ठरवलेलं बोलून टाकायचं होतं.

"आबा, ही मोरी माझ्याच सहीनं बुजणार हुती. काय वापर न्हाई म्हणून मी लिवलं हुतं."

दगडोबानं त्यांच्याकडं पाहिलं. मग रिकाम्या पोत्यांकडं पाहिलं. मग शर्टाकडं.

"तरीच घोडी मोजलीस," तो म्हणाला. एवढ्यानं त्याचा एक प्रश्न सुटला असावा. त्यानं काखेतलं कोकरू हौसरावांच्या हातात दिलं. "ह्ये कालच जल्मलंय, चालत न्हाई. धर. रखमातात्या आसता तर त्येनंबी तुलाच दिलं आसतं."

तो चौकटीत शिरला. हौसराव कोकरू छातीशी धरून त्याच्यामागं निघाले. या खेपेला त्यांनी दहा पावलं अंतर ठेवलं नाही. आत वडिलांचा वास भरला होता, आणि त्यांना तो रडवत होता, आणि त्यांनी ते लपवलं नाही. मोकळा हात त्यांनी भिंतीला लावला, गुडघ्याच्या जरा वर. सिमेंट खरबरीत होतं. त्यावर लोकरीचे चारसहा पांढरे धागे अडकले होते.